नवरा आरोपीचा वकील आहे, लोकांना काय सांगू?

*ताई, मी जिल्ह्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवते. यजमान फौजदारी वकील. बरीच वर्षं खासगी वकिली केली, आता ते जिल्ह्याच्या लोकअभिरक्षक कार्यालयात आहेत, म्हणजे ज्यांना वकील करणं परवडत नाही अशा आरोपींची बाजू सरकारी खर्चाने मांडतात. मध्यंतरी इथल्या एका क्लासच्या मास्तरांवर आठवीतल्या मुलीवर अत्याचार केल्याचा गुन्हा दाखल झाला. मोर्चा निघाला, गाव बंद राहिलं. वकील संघाने ठराव केला की त्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. मग विधी सेवा प्राधिकरणामार्फत ती केस ह्यांच्याकडे आली. मुलगी आमच्या शाळेतली नाही. तरी मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबतं. एकीने तोंडावर विचारलं, "स्वतःची मुलगी असती तर?" कुणी म्हणतं, लाखो रुपये घेतले असतील. आमची लेक सातवीत आहे, तिला रिक्षात मुलं बोलतात. गाडीचं सीट कुणीतरी ब्लेडने फाडलं. मी एकदा ह्यांना विचारलं, "त्याने खरंच केलंय का?" तर म्हणाले, "हे मला विचारू नकोस." तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलणं. रात्री उठून बसतात. पूर्वी पेटी वाजवायचे, आता पेटीवर फायलींचा ढीग. सासरे ग्रामपंचायतीत शिपाई होते, त्यांच्यावर कधीतरी अपहाराची केस झाली होती आणि ते सुटले, एवढंच मला माहीत. तो विषय घरात निघत नाही. ही केस सोडा, असं सांगू का? लोकांना काय उत्तर देऊ? ता. क. संक्रांतीचं हळदीकुंकू जवळ आलंय. जाऊ की नको?*

केस सोडायला सांगू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमचे बाकीचे सगळे प्रश्न याच एका प्रश्नापाशी अडून बसलेत. मात्र नवऱ्याकडून मागण्यासारखं तुमच्याकडे बरंच आहे आणि ते तुम्ही अजून मागितलेलं नाही. मी लिहायला लागण्यापूर्वी जिल्हा न्यायालयात आरोपींच्या बाजूनेच उभी राहत होते. तेव्हा मला तटस्थ समजू नका.

"हे मला विचारू नकोस" हे तुम्हाला लागलं. लागणारच. पण ते वाक्य नवऱ्याचं नव्हतं, वकिलाचं होतं. अशिलाने वकिलाला विश्वासात घेऊन जे सांगितलं, ते बाहेर बोलायची वकिलाला मुभा नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. त्यात बायकोचा अपवाद नाही. दुसरं असं, की बहुतेक वेळा वकिलालाही ठाऊक नसतं. आरोपी वकिलाशीही खोटं बोलतात, आणि काही जण इतक्या वेड्यावाकड्या पद्धतीने खरं सांगतात की ते खोटं वाटतं. मी तर "तू केलंस का?" हा प्रश्न विचारणं सोडूनच दिलं होतं. "पोलिसांकडे तुझ्याविरुद्ध काय काय आहे?" इथून सुरुवात करायचे. बार कौन्सिलच्या नियमांतही हेच आहे: आरोपीबद्दल स्वतःचं मत काहीही असो, वकिलाने त्याचा बचाव करायचा, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कुणाला दोषी धरू नये असं कायदा सांगतो आणि वकिलाची निष्ठा त्या कायद्याशी असते.

वकील संघाच्या ठरावाबद्दल फार लिहीत नाही. असे ठराव घटनेच्या आणि वकिली धर्माच्या विरुद्ध आहेत, ते रद्दबातल समजावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्येच सांगितलंय. तरी गावोगावी ते होतात. माईकसमोर हात वर करायला काही लागत नाही. मग कुणीतरी पगारी माणूस पुढे करावा लागतो आणि शिव्या त्याच्या वाट्याला येतात.

आता स्टाफरूममधला प्रश्न. स्वतःची मुलगी असती तर? तर तुमचे यजमान त्या खटल्यात वकील नसते, बाप असते. बापाने काय करावं हे कुणी शिकवायला लागत नाही. म्हणूनच अशा खटल्यात मुलीच्या बापाला न्यायाधीश नेमत नाहीत, तपास अधिकारीही नेमत नाहीत.

पण ज्या बाई चिडून विचारतायत त्यांना त्या मुलीची काळजी आहे, असं धरून चालू. तर त्यांनाही कळायला हवं की धड बचाव झाला नाही तर सर्वांत जास्त भोगावं लागतं ते मुलीलाच. मध्य प्रदेशातल्या खांडव्याचं एक प्रकरण आहे. २०१३ मध्ये एका लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपीला सरकारी खर्चाने वकील नेमला तो आरोप निश्चित झाले त्याच दिवशी. कागद वाचायलाही त्याला वेळ मिळाला नाही आणि महिन्याच्या आत फाशीची शिक्षा झाली. लोकांनी कौतुक केलं, काय झटपट न्याय! डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि खटला पहिल्यापासून चालवायला सांगितला. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा खटल्यात मोफत वकील द्यायचा तर त्याला निदान दहा वर्षांचा अनुभव हवा आणि तयारीला सर्वसाधारणपणे निदान सात दिवस मिळायला हवेत, असंही बजावलं. तुमच्या गावातली मुलगी जिवंत आहे. उद्या असाच निकाल फिरला आणि फेरखटला झाला, तर तिला ते सगळं पुन्हा एकदा, चार वर्षांनी मोठी झाल्यावर सांगावं लागेल. नीट लढलेला खटला एकदाच होतो.

आणि तिच्या बाजूने कुणी नाही असं थोडंच आहे? विशेष सरकारी वकील आहेत. शिवाय पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम ४० प्रमाणे तिच्या घरच्यांना स्वतःचा वकील देता येतो. ऐपत नसेल तर तो विधी सेवा प्राधिकरणानेच द्यायचा, म्हणजे ज्यांनी तुमच्या यजमानांना नेमलं त्यांनीच. कलम २९ तर असं आहे की मूळ गोष्टी सिद्ध झाल्या की आरोपीने गुन्हा केला असंच न्यायालय गृहीत धरतं, आणि तसं नाही हे त्याला दाखवावं लागतं. पारडं आरोपीकडे झुकलेलं नाही.

म्हणून तुम्ही त्यांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे. तो दोषी आहे का, हे विचारू नका. विचारा, "त्या मुलीचा उलटतपास तुम्ही कसा घेणार?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि केसमधलं एक अक्षरही न सांगता त्यांना उत्तर देता येतं. कायद्याने आरोपीच्या वकिलाने मुलीला थेट प्रश्न करायचे नसतात, ते न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी विचारायचे. आक्रमक प्रश्न नाहीत, चारित्र्यावर शिंतोडे नाहीत, सुनावणी बंद दाराआड, आरोपी तिच्या नजरेसमोर नाही. प्रत्यक्षात सगळीकडे हे काटेकोर पाळलं जातंच असं नाही, हे मला माहीत आहे आणि तुमच्या यजमानांनाही माहीत आहे. बलात्काराच्या खटल्यात पीडितेच्या "चारित्र्यावर" बोट ठेवायची सोय पुरावा कायद्यात २००३ पर्यंत होती. त्या काळात मी सिनिअर म्हणवणाऱ्या लोकांना भरकोर्टात जे विचारताना ऐकलंय ते इथे लिहिणार नाही. तसले प्रश्न विचारून संध्याकाळी बाररूममध्ये टाळ्या घेणारा वकील कुणाच्या घरी असेल, तर त्या घरच्या बाईने जरूर भांडावं. तारखांतली तफावत, वैद्यकीय अहवाल, पंचनामा, मोबाइलचं लोकेशन यांवर लढता येतं. मुलीला न रडवता लढता येतं. तुमच्या यजमानांनी "मी असाच लढणार आहे" एवढं सांगितलं तरी तुम्हाला झोप लागेल असं मला वाटतं. आणि ते सांगायला जड जात असेल, तर त्यांनीही त्यावर विचार करायला हवा.

माणसं या धंद्यात येतात कशी, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात ते मधूनमधून डोकावतं. लोकांना वाटतं एक तर पैशाची हाव किंवा मोठं तत्त्व. जिल्ह्याच्या कोर्टात दोन्ही क्वचितच दिसतं. बहुतेक जण शेतकऱ्यांची, नाहीतर नोकरदारांची मुलं. लॉ कॉलेज झालं की कुणा सिनिअरच्या हाताखाली बिनपगारी बॅग उचलायची. सिनिअर फौजदारीवाला असला की आपणही फौजदारीवाले. दिवाणी दावा आजोबाने लावला तर नातवाला निकाल मिळतो. फौजदारीत आज रिमांड, उद्या जामीन, संध्याकाळी घरी भाजी नेण्यापुरते पैसे हातात. आणि उलटतपासाची चटक लागते, हेही कबूल करायला हवं. पंचाला विचारायचं, "सही कुठे केली?" तो निरागसपणे म्हणतो, "पोलीस ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर." घटनास्थळ टपरीपासून तीन कोस लांब! तो क्षण मला अजून आठवतो. त्यात न्यायाचं प्रेम किती आणि स्वतःच्या हुशारीचं किती, हे सांगणं अवघड आहे.

काही जणांना मात्र कारण असतं. मुंबईचे ॲड. शाहिद आझमी तरुणपणी टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली तुरुंगात होते, तिथेच शिकले, बाहेर येऊन वकील झाले आणि दहशतवादाच्या आरोपांतल्या गरीब मुलांच्या केसेस घेऊ लागले. २६/११ च्या खटल्यात कसाबबरोबरच्या एका सहआरोपीचे ते वकील होते. फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्याच्या ऑफिसात त्यांचा खून झाला. तीनच महिन्यांनी तो सहआरोपी पुराव्याअभावी सुटला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेवली. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. सुरक्षिततेकडे पुढे येतेच. सांगायचं ते एवढंच, की ज्याने आरोपीचा पिंजरा आतून किंवा अगदी जवळून पाहिला आहे, तो या कामाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

तुमच्या सासऱ्यांबद्दलचं ते एक वाक्य मी म्हणूनच पुन्हा वाचलं. ग्रामपंचायतीचा शिपाई, अपहाराचा आरोप. तुमचे यजमान तेव्हा किती वर्षांचे होते? निलंबन झालं होतं का? शाळेत त्यांना कोण काय म्हणालं? केस चालली त्या काळात घरी कोण येईनासं झालं? मला माहीत नाही, आणि हेच त्यांच्या वकिलीचं कारण आहे असा निष्कर्ष मी दुरून काढणार नाही. पण आज तुमच्या लेकीला रिक्षात जे ऐकावं लागतंय ते त्यांनी लहानपणी ऐकलेलं असण्याची शक्यता आहे. नवऱ्याला विचारू नका, तो बोलणार नाही. सासूबाई असतील तर त्यांना विचारा. वकील कोण होता, हे जरूर विचारा. अशा घरांतून त्या वकिलाचं नाव विसरलं जात नाही.

सगळे अशील निर्दोष असतात अशी माझी समजूत कधीच नव्हती. माझ्या अशिलांतले बरेच जण दोषी असावेत. त्यांतले काही सुटलेही. अशा एकाचं नाव पुढे पुन्हा पेपरात वाचलं त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. पण २००३ सालचं नाशिक जिल्ह्यातलं ते दरोड्याचं आणि खुनांचं प्रकरणही माझ्या डोक्यातून जात नाही. भटक्या जमातीतल्या सहा जणांना त्यात फाशीची शिक्षा झाली होती, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच ठरवली होती. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, सोळा वर्षांनी. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईंनी सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं आणि तो धागा कुणी तपासलाच नव्हता. सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सरकारने प्रत्येकी पाच लाख द्यावेत असा आदेश झाला. आता सोळा वर्षांचे पाच लाख, याचा हिशेब तुम्हीच करा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. लोकअभिरक्षकाच्या टेबलावर रोज हीच माणसं येतात. तुमच्या यजमानांना गावात सध्या एकाच केसवरून ओळखतात, पण त्यांचा दिवस जातो तो सायकलचोर, दारूच्या भांडणातले भाऊ आणि जामीनदार न मिळाल्याने आत अडकलेल्यांमध्ये.

लाखो रुपयांचं म्हणाल, तर लोकअभिरक्षकाला करारावर ठरावीक मासिक मानधन असतं आणि खासगी केसेस घेता येत नाहीत, हे तुम्हाला घरखर्चावरून माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. ते आकडे स्टाफरूममध्ये सांगत बसू नका.

आता घराकडे येते, कारण इथे माझी सहानुभूती तुमच्या बाजूला आहे. केसबद्दल गप्प राहायचा त्यांना हक्क आहे, तुमच्याशीच गप्प राहायचा नाही. तारीख कधी आहे, किती वाजता घरी येणार, कुणी धमकी दिली का, स्वतःला कसं वाटतंय, यांतलं काहीही गोपनीय नाही. उलटतपासाच्या आदल्या रात्री सगळेच वकील जागतात. पण हे जागरण महिनोन् महिने चाललं असेल तर डॉक्टरकडे न्या. पत्रात दारूचा उल्लेख नाही. खरंच नसेल तर तुम्ही निम्मी लढाई जिंकलात. या धंद्यात ती फार जणांना पोहोचते. मे महिन्याची कोर्टाची सुट्टी आत्ताच मागून ठेवा, कारण रिमांड सुट्टीतही चालूच असतात आणि कुणीतरी जावं लागतंच. ते "कुणीतरी" दरवेळी तुमच्याच घरचं असायचं कारण नाही.

पेटीवरच्या फायली आजच उतरवा. संगीतासाठी नव्हे, ते नंतर. त्या फायलींत एका अल्पवयीन मुलीचं नाव, जबाब आणि वैद्यकीय अहवाल असणार, आणि तुमच्या घरात सातवीतली मुलगी आहे, तिच्या मैत्रिणी येतात. पीडितेची ओळख कुणाला कळता कामा नये. कागद ऑफिसात राहू देत, घरी आणलेच तर कुलपात. हे यजमानांना जरा चढ्या आवाजात सांगितलंत तरी चालेल, चूक त्यांची आहे.

लेकीशी त्यांनी स्वतः बोलायला हवं, तुमच्यामार्फत नाही. "मी त्या माणसाचं म्हणणं कोर्टात सांगतो आणि पोलिसांच्या कामात चूक राहिलीय का ते बघतो. त्या मुलीचं म्हणणं सांगायला दुसरे वकील आहेत. ठरवणार न्यायाधीश," एवढं सातवीच्या मुलीला नीट कळतं. पण याहून महत्त्वाचं एक आहे, आणि पत्र वाचल्यापासून माझं मन तिथेच अडकलंय. तिच्या वयाच्या मुलीच्या मनात न विचारलेला प्रश्न हा असू शकतो: माझ्याबाबतीत असं काही झालं तर बाबा माझ्यावर विश्वास ठेवतील का? की मलाही पुरावा मागतील? तिने विचारायची वाट बघू नका. बापाने समोर बसून, तिच्याकडे बघून सांगायचं, "तुला कुणी त्रास दिला तर आधी मला सांग. मी तुझं ऐकेन. तिथे मी वकील नाही." हे एकदा सांगून भागत नाही. काही दिवसांनी पुन्हा सांगावं लागतं, साध्या बोलण्यात. रिक्षातल्या मुलांचं तिच्या वर्गशिक्षिकेच्या आणि रिक्षावाल्या काकांच्या कानावर घाला. तिथे कायदा सांगायची गरज नाही.

सीट फाडल्याची तक्रार लेखी द्या, फोटोसह, आणि पोचपावती घ्या. यजमानांनी प्राधिकरणाच्या सचिवांना आणि प्रमुख जिल्हा न्यायाधीशांनाही लेखी कळवावं. "एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला" असं ते म्हणतील, वकील स्वतःच्या बाबतीत फार आळशी असतात. २००९ मध्ये कसाबसाठी वकील नेमल्याची बातमी आली तेव्हा नेमलेल्या वकील ॲड. अंजली वाघमारे यांच्या घरावर दगडफेक झाली होती. एवढं मोठं तुमच्याकडे होईल असं नाही, पण पहिली तक्रार कागदावर असली की दुसऱ्या वेळी पोलीस लवकर हलतात.

स्टाफरूममध्ये एकच गोष्ट टाळा. "उद्या आपल्यातल्या एखाद्या शिक्षकावर खोटी तक्रार झाली तर?" हा मुद्दा तोंडावर येईल, पटण्यासारखाही वाटेल. बोलू नका. त्यातून ही मुलगी खोटं बोलतेय असा अर्थ निघतो, आणि ते तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही. त्यापेक्षा, "ते न्यायालय ठरवेल. त्या मुलीचं सगळं नीट व्हावं असं मलाही वाटतं," एवढं म्हणा आणि वह्या तपासायला घ्या. कुणी इतिहासाचे सर जास्तच बोलले तर त्यांना १९३४ सालच्या एका खटल्याची आठवण करून द्या. र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला होता, तो मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. (म्हणजे मी इथे करते तसंच काम! म्हणून माझ्या लक्षात राहिला.) सगळा समाज विरोधात असताना कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. तो आरोप आणि हा आरोप यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, तेव्हा तुलना ताणू नका. वकील अशिलाच्या विचाराचा किंवा वागणुकीचा भागीदार नसतो, एवढ्यापुरतीच ती कामाची.

हळदीकुंकवाला जा. ज्यांच्याकडे दरवर्षी जाता त्या सगळ्यांकडे, फक्त जवळच्यांकडे नाही. कुणी तिळगूळ देताना नजर चुकवली तर तुम्हीच आधी "गोड बोला" म्हणा, तेवढा टोमणा सणाच्या नियमात बसतो. आणि तुमच्या घरचं हळदीकुंकूही नेहमीच्याच दिवशी ठेवा. त्या दिवशी वकीलसाहेबांनी सहाच्या आत घरी यायचं, चहा त्यांनी करायचा.